३२ गुंठे रान विकायचंय, भाव किती धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की खटाव तालुक्यात वडिलांच्या मागं ३२ गुंठे रान आहे, तुम्ही पुण्यात, भाऊ मुंबईला, बहीण साताऱ्यात, कसायला कुणी नाही म्हणून शेजारी वाट्यानं करतोय. तोच शेजारी आता साडेआठ लाखाला मागतोय. वडूजचा एक एजंट म्हणतो एकरी २५ चा भाव चाललाय, म्हणजे २० लाख कुठं गेले नाहीत. आणि तुम्ही स्वतः रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, काढून बघितला तर तो साडेआठच्याही खाली. मग खरा भाव कुठला?

मी आधी भूमी अभिलेखला भूकरमापक होतो, नोकरी सोडून आता वीस-बावीस वर्षं जमिनीची व्हॅल्युएशन करतो, बँकेसाठी, वाटणीच्या दाव्यासाठी, कधी नुसतं कुणाला विकायचंय म्हणून. त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, "एकरी २५" हा भाव विसरून जा. हा भाव गावात कुठून येतो माहितीय का, कुणीतरी डांबरी रोडला लागून एक-दीड एकर घेतलेली असते, ढाब्यासाठी नाहीतर पेट्रोल पंपासाठी, ती २५ ला गेलेली असते किंवा २५ ला गेली असं सांगितलं जातं, आणि पुढची पाच वर्षं आख्ख्या गावातली माळरानं पण त्याच भावानं सांगितली जातात. घेणारा मात्र त्या भावानं एकही सापडत नाही. एजंटचं त्यात काय जात नाही, मोठा आकडा सांगितला की तुम्ही त्याला काम देता, सहा महिन्यांनी तोच येऊन म्हणतो मार्केट डाऊन आहे, साडेनऊला देऊन टाका.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. लहान तुकड्याचा भाव काढताना आधी जमीन नाही बघायची, गिऱ्हाईक बघायचं. ३२ गुंठे कोण घेणार? कूळकायद्याच्या कलम ६३ मुळं आपल्याकडं शेतकरी नसलेला माणूस परवानगीशिवाय शेतजमीन घेऊच शकत नाही, म्हणजे पुण्यातला आयटीवाला ज्याच्याकडं सातबारा नाही तो बाद. मोठा बागायतदार बत्तीस गुंठ्यासाठी दुसऱ्या शिवारात मजूर, मोटर, राखण असा कारभार मांडणार नाही, तो पण जवळपास बाद. राहिले कोण, तर तुमच्या चार बांधांना लागून असलेले खातेदार, गावातलाच एखादा ज्याला थोडं रान वाढवायचंय, आणि फार्महाऊसच्या नादातला एखादा शहरी शेतकरी. हा तिसरा फक्त रस्ता असेल तरच. चार-सहा माणसांचा बाजार आहे हा, आणि त्यातल्या प्रत्येकाला तुमच्या रानाची किंमत वेगळी आहे. हे खाली आकड्यात दाखवतो.

आता क्षेत्र. तुम्ही ३२ गुंठे म्हणताय पण सातबाऱ्यावर बघा, तिथं ०.३२.०० लिहिलेलं असणार, ते ३२ आर आहेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ फूट. गुंठा १०८९ फुटाचा. म्हणजे ३२ आरचे साडेएकतीस गुंठेच भरतात. फरक थोडा आहे पण गुंठ्यावर भाव ठरला की पंधरा-वीस हजार इकडचे तिकडं होतात. त्यातनं पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, किती दाखवलाय तो बघा, ओढ्याकडेची पट्टी वगैरे असेल तर घेणारा तेवढी वजा करून बोलतो. आणि बांध! दहा वर्षं मालक गावात नसला की शेजारी नांगराच्या प्रत्येक फेरीला वीतभर बांध कोरतो, मुद्दाम कोरतो असंच नाही, ट्रॅक्टर वळताना आपोआप पण होतं, पण जागेवर मोजणी केली की ३२ चे ३० निघतात हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. म्हणून हिशोब ३० गुंठ्यांवर करा, मोजणीत जास्त निघालं तर आनंदच आहे.

रस्ता. ह्याच्यावर जरा थांबू, कारण अर्धा भाव इथंच ठरतो. तुम्ही लिहिलंय की रानात जायला "बांधावरनं वाट आहे, पूर्वापार". ही वाट कुणाच्या बांधावरनं जाते? तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरनं माझा अंदाज, जो साडेआठ लाख देतोय त्याच्याच. मग तो बिनधास्त साडेआठ का म्हणतो ते कळलं का? त्याला माहितीय की बाहेरचं गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारणार ट्रॅक्टर कुठनं न्यायचा, ऊस लावला तर गाडी कुठनं काढायची, आणि तेव्हा हा नुसता बांधावर उभा राहून म्हणणार की वाट माझी आहे, पायवाटेपुरती देतो. गिऱ्हाईक तिथनंच परत.

नकाशावर गाडीरस्ता दाखवलेला असेल तर भाग्य समजा. नसेल तर दोन मार्ग आहेत. वाट आहे पण कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं, आणि वाटच नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरनं नवीन रस्ता मागायचा. दोन्ही होतं, पण वेळ लागतो आणि शेजारी कायमचा दुखावतो. त्यापेक्षा गोडीत संमतीपत्र करून रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घातली तर सगळ्यात चांगलं. नोंद असलेला रस्ता आणि तोंडी वाट ह्यात मी बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी भावात पाव हिस्सा फरक धरतो, काही ठिकाणी तिसरा हिस्सा.

पाणी. इथं माझीच एक फजिती सांगतो म्हणजे लक्षात राहील. सुरुवातीच्या काळात एका रानाची व्हॅल्युएशन केली, गेलो होतो सप्टेंबरात, विहीर काठोकाठ, सगळीकडं हिरवंगार, मी आपलं बारमाही बागायत धरून रिपोर्ट दिला. पुढच्या एप्रिलात दुसऱ्या कामाला त्याच शिवारात गेलो तर त्या विहिरीच्या तळाला पोरं क्रिकेट खेळत होती. तेव्हापासनं विहीर बघायची तर चैत्र-वैशाखात, नाहीतर गावातल्या वायरमनला किंवा मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारायचं की ह्या विहिरीवरच्या मोटरी कुठल्या महिन्यापर्यंत चालतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांचा काय संबंध.

तुमची विहीर सामाईक आहे, सहावा हिस्सा. तो हिस्सा सातबाऱ्यावर आहे का नुसता भावकीत ठरलेला? पाळी किती दिवसांनी येते? लाइट कनेक्शन कुणाच्या नावावर? ह्या तीन प्रश्नांची उत्तरं पक्की असतील तरच विहिरीचे पैसे मागता येतात. जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी नेर तलावात आल्यापासनं खटावात ज्याला त्याला वाटतं आता आपलं रान बागायत झालं, पण पाणी योजनेत येणं आणि पाणी आपल्या पाटात येणं ह्यात फरक आहे. लाभक्षेत्रात तुमचा गट आहे का हे बघा, असेल तर बोलताना जरूर वापरा, पण भाव आत्ताच्या पाण्यावर काढा.

माती मी थोडक्यात उरकतो. कुदळ घेऊन चार ठिकाणी दीड-दोन फूट खड्डा मारा. काळी किती इंच आणि खाली मुरूम कधी लागतो एवढं कळलं की पुरे. येरळा नदीच्या काठाला जी काळी आहे तिचा आणि वरच्या माळाचा भाव एका गावात असून दुप्पट-तिप्पट फरकाचा असतो.

कागद. वडील गेल्यावर वारसनोंदीत बहिणीचं नाव आलंय असं तुम्ही म्हणता, उत्तम. खरेदीखताला तिघांच्या सह्या लागतील, बहिणीशी आधीच मोकळं बोला, इसार घेतल्यावर नाही. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा जुना बोजा दिसतोय म्हणालात, रक्कम शंभर वर्षांपूर्वीची वाटावी इतकी किरकोळ असेल तरी तो बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्या, कारण घेणाऱ्याचा वकील त्यावर बोट ठेवून पन्नास हजार तोडतो. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला बंधन नसलेली, आहे ना बघा. वर्ग २ असेल किंवा कूळकायद्याची अट असेल तर सगळा हिशोबच बदलतो. कुळाला मिळालेल्या जमिनीचं त्यातल्या त्यात सोपं आहे, १० वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनं आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विक्री करता येते, ती रक्कम बहुतेक वेळा चहापाण्याएवढी निघते. वतन, इनाम, पुनर्वसन असलं काही असेल तर मात्र आधी परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम), मग भाव.

आणि हो, "गुंठा गुंठा पाडून विका, गुंठ्याला लाख मिळेल" असं सांगणारा एक तरी भेटणार तुम्हाला. त्याला चहा पाजून वाटेला लावा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, आत्ताचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्याखाली तुकडा पाडता येत नाही ते, २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणं जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १०. तुमचं जिरायत म्हणून नोंद असेल तर ३२ चे दोन भाग करून दोन शेजाऱ्यांना सोळा-सोळा पण सरळ विकता येत नाहीत. २०२५ मध्ये ज्या सवलती आल्या त्या नगरपालिका, प्राधिकरणं आणि आराखड्यातल्या बिगरशेती वापराच्या पट्ट्यांसाठी, ज्वारीच्या रानासाठी नाहीत.

आता मुख्य काम, झालेले व्यवहार शोधणं. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च फुकट आहे. गटाचा नकाशा काढा, आपल्या आजूबाजूचे पंधरा-वीस गट नंबर लिहून घ्या, आणि एकेक नंबर टाकून मागच्या तीन वर्षांच्या सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढत बसा, कंटाळवाणं काम आहे, एक रविवार जातो, पण ह्याच्यासारखा पुरावा नाही. हक्कसोड, बक्षीसपत्र, वाटणीपत्र बाजूला टाका. भावा-भावातली खरेदी पण टाका, आडनाव आणि वडिलांचं नाव बघून कळतं.

मग राहिलेल्या प्रत्येक खरेदीत दोन रकमा असतात, मोबदला आणि बाजारभाव. बाजारभाव म्हणजे रेकनरप्रमाणं निघालेला. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर समजायचं की दस्त रेकनरला चिकटवलाय, खरा व्यवहार वेगळा, तो दस्त भाव काढायला निरुपयोगी. मोबदला बाजारभावापेक्षा चांगला वर असेल तर तो बहुतेक चेकचा किंवा बँक कर्जाचा व्यवहार, त्यावर विश्वास ठेवा. असे तीन सापडले तरी खूप झालं. आणि वरचा अर्धा भाग जास्त खरा, हे माझं मत नाही, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पण हाच विचार आहे, मागच्या तीन वर्षांच्या विक्रीखतांतली जास्त किमतीची निम्मी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची.

रेडी रेकनरबद्दल एवढंच, की तो मुद्रांक शुल्क किती भरायचं ह्यासाठी आहे. गावाकडच्या जिरायतीला तो आकारणीच्या गटाप्रमाणं हेक्टरी दर देतो, त्याला तुमची वाट माहिती नाही, विहीर माहिती नाही, शेजारी तर अजिबात माहिती नाही. भाव म्हणून त्याला धरू नका, तळाची रेघ म्हणून ठेवा.

बरं, समजा तुम्हाला तीन व्यवहार सापडले. आकडे मी नुसते पद्धत कळावी म्हणून टाकतोय, तुमचे तुम्ही भरा.

पहिला, सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे, रस्त्याला लागून, स्वतःचं बोअर आणि लाइट, साडेबावीस लाखाला गेलं. गुंठ्याला ४५ हजार. बोअर आणि कनेक्शनचे अडीच लाख काढा, म्हणजे गुंठ्याला ५ हजार कमी, राहिले ४०. आपल्याला नोंदलेला रस्ता नाही, पाव हिस्सा कमी, ३० राहिले. आपला विहिरीतला सहावा हिस्सा आहे, ती मार्चनंतर आटते म्हणून जास्त नको, गुंठ्याला २ हजार वाढवा. ३२ हजार.

दुसरा, २० गुंठे, बिनविहिरीचं, बांधावरची वाट, शेजाऱ्यानंच घेतलं, दोन वर्षांपूर्वी ६ लाखाला. गुंठ्याला ३० हजार. दोन वर्षांचे दहा टक्के धरा, ३३. विहिरीचे २. झाले ३५ हजार. इथं गावात विचारून घ्या की विकणारा अडचणीत होता का, लग्न, दवाखाना, कोर्ट असलं काही असेल तर तो भाव पडेल भाव आहे, धरायचा नाही.

तिसरा, दोन एकर जिरायत, वाट आपल्यासारखीच, २२ लाख. गुंठ्याला साडेसत्तावीस. मोठं क्षेत्र गुंठ्यामागं जरा स्वस्त जातं, पाच टक्के चढवा, विहिरीचे २ घाला, ३१ च्या आसपास.

तर बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी ३१ ते ३५ हजार, तीस गुंठ्याला ९ लाख ३० हजार ते साडेदहा लाख. म्हणजे एजंटचे २० लाख हवेतले, आणि शेजाऱ्याचे साडेआठ कमी आहेत पण लुबाडणूक म्हणावी इतके पण कमी नाहीत. पिकाच्या उत्पन्नावर भाव काढायचा नाद सोडा, वर्षाला पंधरा हजार खंड आला तर दहा लाखावर दीड टक्का पडतो, त्या हिशोबानं जगात कुणी रान घेतलं नसतं.

पण इथं थांबू नका. पहिल्या व्यवहारात आपण रस्ता नाही म्हणून पाव हिस्सा कापला. तो शेजाऱ्यासाठी कापायचं काही कारण आहे का? त्याला रस्ता लागतच नाही, त्याच्या स्वतःच्या रानातनं तो येतो. उलट मधला बांध मोडला की त्याला अर्धा-पाऊण गुंठा जास्त मिळतो, ट्रॅक्टरला लांब तास मिळतो, विहिरीतली त्याची पाळी वाढते, आणि उद्या इथं कुणी तिऱ्हाईत येऊन रस्त्याची केस टाकेल ही कटकट कायमची संपते. म्हणजे त्याच्यासाठी हे रान ४० अधिक २, ४२ हजार गुंठ्याचं आहे, साडेबारा लाखाच्या घरात. हा आकडा तो तोंडानं कधी कबूल करणार नाही, पण घरी बायकोशी बोलताना त्यानं हा हिशोब केलेला असतो, बायकांना तर तो आधी कळतो.

आता तुमची खालची रेघ ९.३०, त्याची वरची रेघ १२.६०, सौदा ह्याच्या मध्ये कुठंतरी. मी तुमच्या जागी असतो तर १२ सांगितले असते आणि अकराच्या आसपास सोडलं असतं. त्याच्याशी बोलायच्या आधी बाकीच्या तीन बांधांवरच्या लोकांकडं चक्कर मारा, खास करून ज्याच्या रानाला रस्ता लागतो त्याच्याकडं. काही ठरवायला नाही, नुसतं बसायचं, वडिलांच्या आठवणी, पाऊसपाणी, आणि निघताना "विकायचा विचार चाललाय" एवढं बोलायचं. दोन दिवसांत साडेआठचे साडेनऊ होऊन फोन येईल.

व्यवहार पूर्ण चेकनं करा. "थोडी कॅश घ्या" म्हणतील, पण स्थावर मिळकतीत २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला तेवढाच दंड बसू शकतो. कॅपिटल गेनचं बघायचं तर ग्रामीण शेतजमिनीवर तो लागत नाही, पण ग्रामीण म्हणजे नुसतं गावातली असं नाही. जवळच्या नगरपालिका-नगरपंचायतीची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाख असेल तर ६ च्या, त्यावर ८ च्या, आणि तेही हवाई अंतर. वडूजच्या किती जवळ आहात ते मोजून सीएला दाखवा, लागत असेल तर तुमच्या हातात येणारी रक्कम बदलते आणि खालची रेघ तेवढी वर घ्यावी लागते.

मोजणीचा अर्ज मात्र आत्ताच तालुक्याच्या भूमी अभिलेखला टाकून ठेवा, रान मोकळं असताना. शेजाऱ्याला नोटीस जाईल, तो फोन करून विचारेल कशाला एवढा खर्च, आपलंच आहे. त्याला सांगा बहिणीचा आग्रह आहे. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली आणि कोरलेला बांध त्यावर हद्दीच्या अलीकडं दिसला, की साडेआठवरनं बोलणं सुरूच होणार नाही.